पाडव्याची भिंत

बर्मिंगहॅमच्या बस गॅरेजमधून निवृत्त झालेले अच्युतराव टिपणीस हे माझे शेजारी. त्यांच्या मागील उताराच्या बागेतील माती दर हिवाळ्यात घसरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येई, म्हणून त्यांनी ती अडवणारी काँक्रीटची भिंत स्वहस्ते बांधायला घेतली. पाया खणून, फळ्यांचा साचा उभारून ते गुढीपाडव्यासाठी थांबले. २००८ सालच्या त्या पाडव्याला, एप्रिल असूनही, सकाळी बर्फ पडला.

“काँक्रीटमधलं पाणी गोठेल. आठवडाभर थांबा,” मी कुंपणावरून विनवले.

“अहो, पाडव्याला मुहूर्त बघावा लागत नाही!”

“मुहूर्त नका बघू, थर्मामीटर बघा.”

“मग गुढीलाही स्वेटर घालू का?” असे म्हणून त्यांनी काँक्रीट ओतले, वर साधे गोणपाटही पांघरले नाही.

फळ्या काढल्या, तेव्हा नखाने खरवडले तरी भिंतीचा भुगा पडत होता. मे महिन्यात ते ती घणाने फोडू लागले. पावसाने सुटलेला चिखल तोवर दारात पोहोचला होता आणि त्यांच्या पत्नी कुमुदताई तो फावड्याने ओढत होत्या.

मला पाहताच अच्युतराव ओरडले, “इतकं कळत होतं, तर मला धरून का नाही ठेवलंत?”