अकरावर थांबलेला अर्क

आमच्या कारखान्यात फोन गेटवरच जमा करावा लागतो. त्यामुळे दाजी गेल्याची बातमी मला तीन तास उशिरा कळली. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो, तर अक्काचे एकामागून एक फोन येऊन गेलेले. परत लावला, तो शेजारच्या बाईंनी उचलला. ‘‘या लवकर. दुकानाला निघता निघता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत...’’ माझ्या अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट होता आणि हाताला अर्जुनाच्या सालीचा तुरट वास. तो वास आता सहन होत नाही. रोज तोच घ्यावा लागतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गुलमंडीवरच्या एका कापड दुकानात त्यांचं अख्खं आयुष्य उभ्यानं गेलं. मापाची टेप कायम गळ्यात. घरी जेवायला बसले तरी काढायचे नाहीत. अक्का ओरडायची, ‘‘ती टेप काढा आधी, वरणात भिजंल.’’ ‘‘भिजू दे की. वरण किती खोल हाय ते तरी कळंल.’’ असा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवला, तेव्हा भूल उतरल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, नळी किती सेंटिमीटरची टाकली म्हणून. डॉक्टर हसले, पण जाताना बजावून गेले, की कोलेस्टेरॉलची गोळी आपल्याला विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

गोळीनं त्यांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. ‘‘उभं राहायचं काम माझं,’’ ते म्हणाले, ‘‘तुमच्याकडं झाडपाल्याचं काय असंल तर बघा की, मेव्हणे.’’ मी शेंद्र्याला वनस्पतींचे अर्क काढणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील. मी अर्जुनाच्या अर्काची बाटली नेऊन दिली. कामगारांना सवलतीत मिळते ती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. घरात कुणी कधी मला काही विचारत नाही... दाजींनी विचारलं होतं.

दाजींनी टेपचा एक तुकडा कापून बाटलीवर उभा चिकटवला; बाटली संपली की नव्या बाटलीवर नवा. रोज सकाळी टोपणभर अर्क घ्यायचा आणि पातळी कुठवर उतरली ते बघायचं. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल चांगलंच उतरलं होतं. दुकानातून त्यांचा फोन आला, ‘‘झाडानं काम केलं बरं का!’’ त्या तीन महिन्यांत ते गोळी आणि अर्क दोन्ही घेत होते. गुण कशाचा, हे त्या एका कागदावरून कुणालाच सांगता आलं नसतं. हे मला कळत होतं, माझं कामच ते आहे. मी म्हणालो, ‘‘वा, दाजी!’’

पुढच्या महिन्यात अक्कानं सांगितलं, ‘‘ह्यांनी गोळी सोडली रे. डॉक्टरकडं चला म्हणलं तर ऐकत नायत. चालंल का?’’ मी म्हणालो, बोलतो त्यांच्याशी. बोलायलाच दुकानात गेलो. दाजी एका गिऱ्हाइकाला पँटचं कापड दाखवत होते. मला बघताच त्यांचा चेहरा खुलला. ‘‘हे आमचे मेव्हणे. औषधाच्या कंपनीत मोठे साहेब. ह्यांनीच मला गोळीतून सोडवलं.’’ आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, ‘‘तुमचंबी कोलेस्टेरॉल वाढलंय ना? तुम्हीबी हेच घेता ना?’’

‘‘घेतो की,’’ मी म्हणालो.

मी घेत नव्हतो. मी चार वर्षांपासून डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतो, एक दिवस चुकवत नाही. बोलायला गेलो होतो ते बोललोच नाही. चहा पिऊन परत आलो. पुढं चार महिन्यांनी दाजी गेले.

अर्जुनाची साल वाईट आहे असं मी म्हणत नाही. अर्क शुद्ध आहे का, त्यात माती-शिसं नाही ना, एवढंच मी तपासतो. तो रक्तात जाऊन काय करतो, ते मी कधी तपासलेलं नाही. पण पांढरा कोट पाहिला की लोकांना हा फरक दिसत नाही, आणि मीही तो कधी दाखवला नाही. तेराव्याला आलेले एक गृहस्थ जेवून हात पुसत मला म्हणाले, ‘‘तुमचा तो अर्क कुठं मिळतो हो? ते लई तारीफ करायचे.’’ दाजींच्या फोटोला घातलेला हार अजून ताजा होता! मला ओरडावंसं वाटलं. कुणावर ओरडणार?

पंगत उठल्यावर मी अक्काला सगळं सांगितलं. रिपोर्टचं, दुकानातलं, माझ्या गोळीचं. ती भांडी पुसत होती, पुसत राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे तू गोळी घेत होतास.’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् त्यांनी तुला तोंडावर विचारलं होतं.’’

मी मान हलवली. बाटली टीव्हीशेजारच्या फळीवर होती. मी ती उचलायला गेलो; निदान तिच्या डोळ्यांसमोरून जावी, असं वाटलं. तिनं माझ्या हातातून काढून घेतली आणि जागेवर ठेवली. ‘‘राहू दे. तू येशील तवा तुला दिसली पाहिजे.’’

मी दर रविवारी जातो. ती चहा टाकते, आणि कप हातात देण्याआधी विचारते, ‘‘गोळी घेतलीस का?’’ मी घेतली म्हणतो. ती शिक्षा करते की काळजी, मला अजून कळलेलं नाही... विचारायची माझी हिंमत नाही. चहा संपेपर्यंत मी फळीकडं बघतो. अर्काचा गाळ तळाशी बसून काळा पडला आहे. टेपवर पातळी अकरावर आहे. परवाही अकरावरच होती.