ज्वारीच्या पोत्यावर मापलेली सीट

सयाजी मिस्त्रीचा मला जितका राग आला तितका आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आला नाही. माणूस वाईट असता तर राग केव्हाच गिळला असता. पण तो चांगला होता, कामात तर सोन्यासारखा होता, आणि त्याच कामात त्यानं स्वतःला चार वर्षं कोंडून घेतलं. मी शेजारी उभा राहून बघत होतो.

मी नानासो. सांगलीत एसटी स्टँडमागं माझं मोटारींच्या गाद्या शिवायचं दुकान आहे. ट्रक ड्रायव्हरपासून डॉक्टरांच्या फियाटपर्यंत साऱ्या जिल्ह्याची बैठक माझ्या हाताखालून गेलीय, असं मी चेष्टेनं म्हणतो. सयाजी कोरेगावकडचा. पंधरा वर्षं मिल्ट्रीत गाड्या दुरुस्त केल्या, एकाहत्तरची लढाई बघितली आणि पेन्शन घेऊन बाहेर पडला. त्याची बायको पारूबाई पुण्यात एका दवाखान्यात नर्स होती. मुलगी मनू तेव्हा वर्षाची. त्याच्या जुन्या साहेबानं पुण्यातल्या एका मोटार कारखान्यात त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. संक्रांतीनंतर हजर व्हायचं होतं. तोवर हात रिकामा नको म्हणून चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत तो सांगलीला आला, माझ्या शेजारच्या गॅरेजात.

"म्हयन्याभराचं काम हाय गड्या," तो म्हणाला होता. "ते उरकलं की निघालो."

ते काम म्हणजे मानसिंगरावांची जपानी गाडी. मानसिंगराव वाळव्याकडचे मोठे ऊसबागायतदार. मुंबईच्या कुणा हौशी माणसाकडून त्यांनी ही दोन दरवाज्यांची लाल गाडी उचलली होती. ती म्हणे मद्रासकडं शर्यतीत पळालेली. इंजिनावर एकाच्या जागी दोन कार्बोरेटर, पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी जमिनीला टेकवलेली, आणि आत बादलीसारखी एकच कडक सीट, ड्रायव्हरची. मुंबईच्या डांबरावर ती ऐटीत पळत असेल. आमच्याकडं उसाच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत ती पोटावर बसली ती बैल जुंपून काढावी लागली. सगळा गाव हसला. मानसिंगरावांना ते फार लागलं.

पण खरी अडचण वेगळीच होती. गाडी घेतली होती आईच्या नावावर, आणि आईला तिच्यात बसता येत नव्हतं. चंद्राबाईंच्या कमरेचं हाड सहा वर्षांपूर्वी मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. जीप, बैलगाडी, एसटी, कशातही बसल्या की दोन मैलांत डोळ्यांतून पाणी. लेकाचं म्हणणं साधं होतं. गाडी वाऱ्यासारखी पळायला पाहिजे आणि आईला वाईला कृष्णेच्या घाटावर न्यायला पाहिजे.

मी म्हणालो, "दोनातलं एक मागा. पळायची गाडी कडक असती, म्हातारीची गाडी मऊ असती."

सयाजी गाडीखाली गेला आणि तासभर बाहेर आला नाही.

त्यानं जे केलं ते सांगायला मला अजून आवडतं. कापलेल्या स्प्रिंगा काढून टाकल्या, लांब घेतल्या. मागचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, उतरवले आणि बिराप्पा लोहाराच्या भट्टीवर नेले. बिराप्पा जतकडचा, अर्धं कानडी बोलायचा, पण लोखंड तापून कुठल्या रंगाला आलं की तेलात बुडवायचं हे त्याला डोळे मिटून कळायचं. दोघांनी मिळून वरचे पाटे पातळ आणि लांब केले, आणि तळाला एकच जाड पाटा ठेवला, जरा अंतर राखून. हळू चालताना पातळ पाटे झेलतात. गाडी जोरात आपटली तरच जाड पाट्यावर भार येतो. त्यावर मिल्ट्रीतल्या ओळखीतून आणलेले जाड शॉकअप. तीनदा बसवलं, तीनदा खोललं. मी म्हणायचो, झालं की आता. तो म्हणायचा, न्हाई, अजून एक हिसका हाय.

सीट माझी. मी पण काही कमी नव्हतो. चंद्राबाईंना मी ज्वारीच्या अर्धवट भरलेल्या पोत्यावर बसवलं. "आईसाब, हला, सरका, जिथं दुखत न्हाई तिथं थांबा." त्या उठल्यावर पोत्यात जो खड्डा राहिला त्याचं माप घेतलं. डावीकडं खोल, उजवीकडं उथळ. खाली पलंगाची नवार ताणून विणली, वर काथ्या, कापूस, आणि कमरेच्या जागी घोड्याचे केस. असली सीट मी पुन्हा शिवली नाही.

गाडी बाहेर निघाली. मानसिंगराव चालवत होते, आईसाब शेजारी, मी आणि सयाजी मागच्या चिंचोळ्या जागेत गुडघे छातीला लावून. कऱ्हाडच्या पुढं काटा सत्तर मैलांवर गेला. मी देवाचं नाव घेतलं. सयाजीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढं बघ म्हणून खुणावलं. चंद्राबाई झोपल्या होत्या. बसल्याजागी, तोंड उघडं टाकून, घोरत. सहा वर्षांत त्या बसून झोपल्या नव्हत्या.

दोन दिवसांनी चंपाषष्ठी होती. मानसिंगरावांच्या दारात खंडोबाची तळी भरली ती गाडीपुढंच. ताटात भंडारा, खोबरं, पानसुपारी, पाच जणांनी ताट उचललं, येळकोट येळकोट झालं. सयाजीच्या कपाळावर इतका भंडारा फासला होता की ओळखू येईना. साऱ्या गावात त्याचंच नाव. तेवढ्यात मानसिंगराव म्हणाले, "मिस्त्री, तुमी पुण्याला गेल्यावर हिचं काय? कोण तरी हातोडीवाला येऊन वाटोळं करनार."

सयाजीचा चेहरा बदलला. आपल्या पाट्यांवर कुणी हातोडी चालवतोय हे त्याला डोळ्यांपुढं दिसलं असणार.

चंद्राबाई म्हणाल्या, "मग भंडारा उचल. जवर ही गाडी चालतीया तवर हिला दुसऱ्याचा हात लागू देनार न्हाई म्हन."

आमच्याकडं भंडारा उचलून दिलेला शब्द माणूस मोडत नाही. घर मोडेल, शब्द नाही. सयाजी क्षणभर थांबला. आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं मी ओरडलो, "उचल गड्या!" मला वाटलं, माझ्या दोस्ताचा मान होतोय. त्यानं मूठ भरून भंडारा उचलला आणि शब्द दिला.

संक्रांत आली तशी गेली. पुण्याच्या साहेबानं दोन महिने वाट बघितली आणि जागा दुसऱ्याला दिली.

मानसिंगराव त्याला कधी वाकडं बोलले नाहीत, हे सांगायला पाहिजे. मोटारीच्या खोलीला लागून त्याला पत्र्याची खोली दिली, दोन वेळचं जेवण वाड्यातून, दसऱ्याला फेटा. त्या मानानंच तर तो बांधला गेला. शिव्या खाणारा माणूस एक दिवस उठून चालायला लागतो. याला रोज सकाळी कुणीतरी चहा आणून द्यायचं. मानसिंगराव गाडी अशी हाणायचे की दर आठवड्याला काही ना काही ढिलं व्हायचं, आणि दर पंधरा दिवसांनी चंद्राबाईंना मिरजेला डॉक्टरांकडं न्यायचं असायचं. चार दिवसांची रजा म्हटली की कुठं तरी नट वाजायचाच. पारूबाईंची पत्रं यायची. आधी चार पानांची, मग एक पान, मग कार्ड. त्यांनी नोकरी सोडून यावं असं हा म्हणू शकत नव्हता, कारण इथं आपण किती दिवस आहोत हेच त्याला सांगता येत नव्हतं. वर्षातून दोन-तीनदा मानसिंगरावांचं पुण्याला काम निघायचं. तेवढ्यात हा तासभर गाडी घेऊन बायकोच्या गल्लीत जाऊन यायचा. येताना त्याचा चेहरा बघवत नसे.

"एक बोल्ट ढिला सोड की," मी एकदा म्हणालो. "गाडी बंद पडली की शब्द सुटला."

"माणसं बसत्यात नानासो त्यात," तो म्हणाला. "हात ढिला सोडायला शिकलोच न्हाई मी."

मग मीच ठरवलं. उसाच्या मुलखातला माणूस, दुसरं काय सुचणार? शहात्तर साली, गाडी सीटच्या टाक्यांसाठी माझ्या दुकानात आली असताना, मी पेट्रोलच्या टाकीत दोन किलो साखर ओतली. इंजिन जाम होतं असं ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी सयाजी दुकानात आला. टाकी उतरवून, धुऊन, जाळी साफ करून गाडी चालू केली होती त्यानं. माझ्यापुढं कागदाची पुडी ठेवली, आत ओली, पेट्रोलच्या वासाची साखर. "साखर च्यात घालावी," एवढंच म्हणाला आणि गेला. महिनाभर मला त्याच्याकडं बघायची लाज वाटत होती. आणि तरी राग होताच.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात खंबाटकीच्या घाटात मानसिंगरावांनी गाडी कठड्यावर घातली. गाडीत एकटेच होते. खांद्याचं हाड मोडून वाचले. गाडीचं तोंड मात्र पार चेपलं, रेडिएटर इंजिनात घुसला. ट्रकवर घालून आणली तेव्हा मी वाळव्याला धावत गेलो. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला होता. गाडी चालत नव्हती. शब्द पुरा झाला होता. मी सयाजीची ट्रंक न्यायला टेम्पो सुद्धा सांगितला होता.

सयाजी गाडीखाली होता. बाहेर नुसते पाय दिसत होते.

"अरं काय करतुयास?" मी ओरडलो. "सुटलास की! चल!"

आतून आवाज आला, "पाटं शाबूत हायती रं. नुसतं तोंडच गेलंय."

मी तोंडाला येईल ते बोललो. गाढव म्हणालो, बैल म्हणालो, तुझ्या पोरीला बाप हाय का न्हाई असं पण म्हणालो. तो बाहेर आला, हात पुसले आणि ओट्याकडं बोट दाखवलं. चंद्राबाई ओट्यावर बसल्या होत्या, गाडीतून काढून आणलेल्या माझ्या सीटवर. "त्यास्नी दुसरीकडं कुठं बसताच येत न्हाई," तो म्हणाला. "मी गेलो तर ही गाडी अशीच पडून ऱ्हानार. मला तिकडं झोप लागंल व्हय?"

टेम्पो रिकामा परत गेला.

दीड महिन्यात गाडी उभी राहिली. त्या सकाळी चंद्राबाईंनी मला निरोप धाडून बोलावून घेतलं. म्हणाल्या, "सीट हाललीया का बघाया तू पण चल. सयाजी, तुज्या बायकूच्या हातचा च्या पिऊन येऊ. चार वर्सं झाली, मी तिला बगितलं न्हाई." मानसिंगरावांचा खांदा अजून बांधलेला, म्हणून गाडी सयाजीच चालवत होता.

पुण्यात गल्लीच्या तोंडाला गाडी वळली आणि पोरं धावत आली. "गाडीवाले काका आले! गाडीवाले काका!" सगळ्यांत पुढं दोन वेण्यांची, पाच वर्षांची एक पोर होती. ती पण तेच ओरडत होती. मला ती कोण हे कळलं नाही. सयाजीनं ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून बसून राहिला तेव्हा कळलं. पारूबाई दारातून धावत आल्या, "मनू, बाबा म्हणावं," म्हणाल्या. पोरगी लाजली आणि आईमागं लपली.

चहा झाला. निघायच्या वेळी सयाजीनं गाडीचा दरवाजा उघडून धरला. चंद्राबाई काठी टेकत आल्या आणि बसल्या नाहीत.

"भंडारा उचललास तवा मी काय म्हनले हुते?"

"दुसऱ्याचा हात लागू देनार न्हाई."

"आनि गाडी माज्या दारात उभी ऱ्हायली पायजे, असं म्हनले हुते?"

सयाजीचा दरवाज्यावरचा हात खाली आला.

"गाडी माज्या नावावर हाय. हितंच ऱ्हाऊ दे. तूच संबाळ, तुजाच हात लागू दे. शब्द मोडत न्हाई न्हवं? मानसिंगाचं मी बगते. नानासो, येष्टीचं तिकीट काढ."

"आईसाब, तुमाला बसवनार न्हाई हो येष्टीत," सयाजी म्हणाला.

मी पाना मागितला. म्हणालो, निदान सीट तरी खोलून घेतो. त्यांनी काठी आडवी धरली. "ऱ्हाऊ दे. तिच्यावर बसू दे पोरीला बापाशेजारी."

स्वारगेटवरून इस्लामपूर गाडीत जागा मिळाली ती मागच्या चाकावरची. पिशवीतलं माझं जादा धोतर आणि सदरा घडी करून मी त्यांच्याखाली घातला. कात्रज चढेपर्यंत त्यांच्या ओठांवर रक्त आलं होतं, इतके दात रोवले होते. मला राहवलं नाही.

"आईसाब, तुमी लय मोठं मन केलं," मी म्हणालो.

"मोटं?" त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या. "त्याला पोर हाय हे मला पयल्या दिवसापासनं ठावं हुतं. कंबर दुकत न्हवती न्हवं, म्हून गप बसले."

गाडी खड्ड्यात आदळली. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी त्यांच्याखालची घडी सारखी केली. उचल गड्या म्हणून सगळ्यांच्या आधी ओरडलो होतो तो मीच.