डब्यातला कालचा व्हिडिओ

कामरगावात घरोघरी नेट मी पुरवते. बाहेरून येणारी लाइन एकच, आणि संध्याकाळी सगळं गाव तिच्यावर तुटून पडतं. व्हिडिओ अडकला की शिव्या मला! म्हणून मी व्हिडिओ साठवून ठेवणारा एक डबा गावातच बसवला. वाशीमचे एक सल्लागार भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी फवारणीचे व्हिडिओ टाकत. त्यांना विचारूनच मी त्या व्हिडिओंची कॉपी डब्यात ठेवू लागले. व्हिडिओ एकदा लाइनवरून आला की मग शंभर घरांनी पाहिला तरी गावातल्या गावात मिळे. कॉपी रोज बदलायला हवी होती. मी आठवडाभराची मुदत लावली, म्हणजे तोवर डबा जुनीच कॉपी दाखवणार. लई शहाणी ना मी!

त्या सकाळी खांबावरची तार पाहायला गावाबाहेर गेले होते. सल्लागारांचा फोन आला. "ताई, कालच्या व्हिडिओत चूक झाली. त्यात सांगितलेली दोन औषधं एकत्र करायची नाहीत, वाफ घातक असते. रात्रीच बदलला मी व्हिडिओ."

मी मोबाइलच्या नेटवर उघडून पाहिलं. बदललेला होता. म्हटलं, चला, सुटले. मग लक्षात आलं. गावाला तर माझा डबा दाखवत होता, आणि डब्यात कालचाच होता.

वहिनीला फोन लावला. "दादा कुठी हाय?"

"वावरात गेले, वांग्यावर फवारा माराले. आत्ताच व्हिडिओ पाहून गेले. काहून वं?"

फवारताना दादा मोबाइल घरीच ठेवतो. वहिनीला ऑटो घेऊन वावरात यायला सांगितलं, गावच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि स्कूटी हाणली. घाईत दोनदा रस्त्याखाली उतरले. देवा, त्याले काई होऊ देऊ नको, एवढंच तोंडात.

दादा बांधावर बसला होता. पाठीवर पंप तसाच, डोळे लालभडक.

"डोकं गरगरून राह्यलं," तो म्हणाला. "मिसळाले चुकलो वाटते. घरी जाऊन व्हिडिओ अजून एकदा पाहतो, मंग बाकीच्या ओळी मारतो."

मला रडूच फुटलं. पंप ओढून काढला, विहिरीच्या पाण्याने त्याला धुतलं. "तुयं नाई चुकलं दादा. व्हिडिओच चुकीचा हाय. नवा आला होता, मायाच डब्यानं तुले जुना दाखवला."

तेवढ्यात वहिनीचा ऑटो आला. मी त्याला धरून चढवलं आणि स्वतःही चढू लागले, तर त्याने हात झटकला.

"माया संग काहून येतं? सगळ्यायनं तोच पाह्यला असन. मोबाइल कोन नेते वावरात? जाय लवकर!"

ऑटो दवाखान्याकडे गेला. दादा वाचेल का, हे मला ठाऊक नव्हतं. मी शेजारच्या वावराकडे पळत सुटले आणि बांधावरूनच ओरडले, "फवारा थांबवा जी! मी चुकीचा व्हिडिओ दाखवला तुमाले!"