तोवर आवाज कुठे असतो?

दिवाळीत दूर कुठे बाण फुटला की आवाज येईपर्यंत माझा हात थांबतो. ही सवय देवळालीच्या शाळेतली.

सत्तरच्या दशकात मी तिथे सातवीला विज्ञान शिकवायचे. तोफांचा सराव सुरू झाला की तावदानं थरथरायची आणि कुसुम कानांत बोटं घालून बाकाखाली शिरायची. तिचे वडील तोफखान्यातच होते, म्हणून मुली तिला जास्तच चिडवायच्या.

एकदा मी पुस्तक मिटून सगळा वर्ग गच्चीवर नेला. कुसुमला म्हटलं, "बोटं राहू देत कानांत. फक्त धूर दिसला की सांग."

लांब माळावर पांढरा धूर उठला. "बाई, धूर," ती म्हणाली. पण आवाज नाहीच. गोंधळून तिनं बोटं काढली आणि तेवढ्यात तोफ दणाणली. ती दचकली खरी, पण बोटं परत कानांत गेली नाहीत.

"मग तोवर आवाज कुठे होता, बाई?"

"वाटेत," मी म्हटलं. ध्वनीचा वेग शिकवून झाला, असं तेव्हा वाटलं होतं.

आता बाण फुटून विझतो, आणि मधल्या शांततेत मी अंदाज बांधत बसते, आवाज आत्ता कुणाच्या छपरावर पोचला असेल.