वारनिस लावलेलं हाड

वडीगोद्रीला एसटीतून उतरून घरी पोचले, तर माझे वडील, दादा, ओसरीवर बसून माझ्या हाडाला वारनिस लावत होते. पोळ्याआधी बैलाची शिंगं साळून चकाचक करतात ना, अगदी तस्संच!

"दादाऽ! काय करून राह्यलात?" मी किंचाळलेच.

"तूच म्हन्लीस ना फोनवर, जपून ठिवा, सर बघायला येनारेत. मंग असं कळकट दाखवायचं का?"

रानबैलाच्या पायाचं ते हाड, पार दगड झालेलं, दादांना गोदावरीच्या दरडीत सापडलं होतं. त्यावर गोल खळगे होते. फोटो बघूनच मला वाटलं, हे दातांचे व्रण, मगरीचे! तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता. जीवाश्म शिकते मी, पण आपल्याच शिवारात असं घबाड कुणाला मिळतं? आणि आता दादांनी सगळे खळगे सुरीने खरवडून ठेवले होते. उद्या सर विचारणारच, हे दातच कशावरून, सुरी कशावरून नाही?

"मातेरं केलंत सगळं!"

दादांचं तोंड एवढंसं झालं. "बिलकुल ध्यानात न्हाई आलं, माय. आन् ही खालची बाजू तर राह्यलीच. चुनखड लई कडक, सुरी लागंना."

सुरी लागली नाही? मी हाड हिसकावूनच घेतलं. त्या थराखाली जे असेल ते जुनंच असणार! दुपारभर सुईने टोकरत बसले. दादा शेजारून हलेनात. शेवटी एक खपली निघाली आणि खाली तस्साच खळगा! भिंग लावलं. कडा तुटक्या नव्हत्या, गुळगुळीत, फुगीर होत्या.

"दादा, चावा जितेपणी बसलाय! आणि मग हाड भरून आलंय. मेल्यावर हाड भरत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे पाय तोंडात धरला होता, पण खायला मिळाला नाही."

दादा ताडकन उठले. "सुटला?"

"सुटला!"

"अरे वा रं पठ्ठ्या!" म्हणत ते अनवाणीच गल्लीत उतरले आणि दिसेल त्याला सांगू लागले, "आपला बैल सुटला! मगरीच्या तोंडातून सुटला!"

मगरच होती हे अजून पक्कं नाही, एवढं सांगायला मी मागे धावले, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत मीही तेच ओरडत होते.