परत घेतलेला होकार

"पाळी बंद झाली काय तुमची?"

मठाच्या व्यवस्थापकांनी हे भर सभामंडपात विचारलं. प्रवचनाला आलेली माणसं सतरंजीवर बसलेली. पुढे आसनावर स्वामीजी. मी समोर उभी, हात जोडून, डोक्यावर पदर. संन्यासाची दीक्षा मागायला मी दारव्ह्याहून काळीपिवळीत बसून आले होते.

मी म्हटलं, "हो जी. झाली."

उत्तर दिलं मी. त्याची लाज अजून जात नाही. त्यांनी विचारलं ते त्यांचं. पण मी शाळेतल्या पोरीसारखं पटकन सांगून मोकळी झाले, आणि वर मला बरंही वाटलं, की चला, एक अडचण तरी दूर झाली. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

स्वामीजी खाली बघत होते. हे स्वामीजी म्हणजे एके काळचा माझा नवरा.

पोरगी पहिलीत होती तेव्हा त्यांनी घर सोडलं. संसारी माणसाला संन्यास घ्यायचा तर बायकोचा होकार लागतो, असं तेव्हाच्या मोठ्या महाराजांनी सांगितलं. म्हणून याच मंडपात मला उभं केलं. "तुमची परवानगी आहे ना?" सासू मागून कोपर मारत होती. मी म्हटलं, हो जी. टाळ्या वाजल्या. बायकांनी माझी ओटी भरली. मग यांनी आपल्या हातानं आपलंच श्राद्ध घातलं, आपलाच पिंड ठेवला आणि भगवं नेसले.

त्यानंतर गावातल्या बायकांना प्रश्न पडला, मला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही. नवरा जिवंत, पण श्राद्ध झालेलं. कोणी बोलवायच्या, कोणी रस्त्यात दिसले तरी न दिसल्यासारखं करायच्या. मी कपाशी लावली, तूर काढली, सासूचं शेवटचं हगणंमुतणं केलं, पोरगी मारेगावला दिली. घर रिकामं झालं. मग मला खरंच वाटलं, आता पुरे. कोणाची बायको नाही, सून नाही, आई नाही. नुसतं असावं. देवाचं नाव घ्यावं, मिळेल ते खावं. नवऱ्याच्या मागे मागे मी तिथं गेले नव्हते. जवळ तोच एक मठ होता. आणि खोटं कशाला बोलू, दुसरं कोणी नाही तरी हा माणूस समजून घेईल असं मनात होतं.

"परवानगी कोनाची आनली?" व्यवस्थापकांचं चालूच होतं.

"माहीच. दुसऱ्या कोनाची लागते?"

"तसं जमत नाही बाई. नवरा, नाही तं पोरगा. बाईमानसाच्या मागं कोनी तरी पाह्यजे."

"पोरगी हाये मले."

"पोरगी नाही चालत."

मी आसनाकडे बोट केलं. "मंग यायलेच विचारा."

स्वामीजींनी पहिल्यांदा वर पाहिलं. म्हणाले, "आमचा या बाईंशी काही संबंध नाही. पूर्वाश्रमीचं सगळं संपलं. आणि स्त्रियांना दीक्षा द्यायची या मठाची परंपरा नाही. सेवा करायची असेल तर स्वयंपाकघर मोकळं आहे."

म्हणजे त्यांना जायला माझा होकार लागला. मला जायला त्यांचा लागतो. पण तो द्यायला ते माझे कोणी लागत नाहीत.

पुढचं सांगताना जीभ अडखळते. मी तिथून सरळ घरी यायला पाहिजे होतं. मी स्वयंपाकघरात गेले. पदर खोचला. पंगतीला गोळ्याची कढी होती. भिजलेली डाळ वाटली, गोळे वळले, उकळत्या कढीत एक एक सोडले. माझा हात धरून कोणी तिथं बसवलं नव्हतं. दीक्षा मागायला गेलेली बाई घटकाभरात चुलीपुढे बसली, आणि हातांना त्यात काही वेगळं वाटलंही नाही.

पंगत बसली. थोड्या वेळानं व्यवस्थापक दारात आले, हसत.

"स्वामीजी म्हनतात, गोळे अजूनबी कडकच करता तुमी. पयल्यासारखे."

पहिल्यासारखे!

माझी परवानगी द्यायला संबंध नव्हता. माझे गोळे ओळखायला होता.

माझी कानशिलं तापली. आधी राग नव्हता, आधी लाजच. इतकी वर्षं या माणसाला विरक्त समजून मी त्याच्या नावानं कुंकू लावत होते. त्याच्या संन्यासात खोट येऊ नये म्हणून उपास धरत होते. आणि त्याच्या जिभेला अजून माझ्या हातची खोड आठवत होती.

हात धुतले. ओल्या हातानंच पंगतीत गेले. स्वामीजी टोकाला पाटावर बसले होते.

मी म्हटलं, "महाराज, तुमी गेलते तवा मी याच मंडपात हो म्हटलं होतं. ते हो मी आज वापस घेऊन राह्यली."

"असं होत नाही," व्यवस्थापक ओरडले. "संन्यास एकदा झाला का झाला."

"मंग तवा मले विचारलं कायले?"

स्वामीजींच्या हातातला घास हातातच राहिला. मी चपला घातल्या आणि रस्त्यावर येऊन काळीपिवळीची वाट पाहत उभी राहिले.

त्या दिवसापासून मी कुंकू लावत नाही.

मठात दत्तजयंतीला दीक्षा होते. यंदा मी जाणार आहे. मुंडण गावातच करून जाईन. दीक्षा मागणाऱ्या पुरुषांच्या रांगेत बसेन. उठवलं तर उठणार नाही. पाळीचं विचारलं तर उत्तर देणार नाही. परवानगी कोणाची म्हणाले तर माझं नाव सांगेन. आणि सगळी पंगत उपाशी उठली तरी त्या चुलीजवळ जाणार नाही.