भासऱ्यांनी धरलेली सावली

रूपराव म्हणजे माझ्या सासूचे भासरे, तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ. आंजी गावात आमची भाजीची वाडी एक, चूलही एक. पण भासऱ्यानं भावजयीचं तोंड पाहायचं नाही अन् अंगाला हात तर मुळीच लावायचा नाही, ही तेव्हाची रीत. दारात येताना ते इतकं खाकरत, की कोंबड्यासुद्धा वाट सोडत. माझी सासू, मनकर्णाबाई, त्यांच्याशी बोलायची ती म्हशीच्या मार्फत. "सांग वं बाई, भाकर वाढून ठेवली." तेही म्हशीलाच म्हणत, "मीठ कमी टाकाले सांगजो." म्हैस बिचारी दोघांचंही ऐकून घ्यायची.

अठ्ठ्याहत्तर साल असेल. माझं लग्न नवं होतं. सकाळी आम्ही सासूसुना वांगी तोडत होतो. सासूच्या डाव्या हातातून वांगं गळालं, मग टोपलं, मग तीच खाली बसली नि आडवी झाली. तोंड एका अंगाला ओढलेलं, बोलणं तोंडातच घोळतंय. मी बोंब मारली. पलीकडे पाणी देत असलेले मामंजी, म्हणजे रूपरावच, धावत आले. भावजयीच्या डोक्यावरचा पदर घसरलेला दिसला, अन् त्यांनी गर्रकन पाठ फिरवली.

"लकवा व्हय, सूनबाई. पदर घे तिच्या डोक्यावर. उचल तिले."

मी काटकुळी, ती अंगानं भरलेली. हालेना.

"बायाइले बोलावून आण."

त्या दिवशी वर्ध्याचा बाजार, घरचे बाकी पुरुष भाजी घेऊन गेलेले, बायाही सगळ्या तिकडे. शेजारच्या वाड्या धुंडाळून मी परत आले, तर मामंजी तसेच पाठ करून उभे. फक्त दुपट्टा मागे पसरून धरलेला, तिच्या तोंडावर सावली पडावी म्हणून.

"मामंजी, बाई मरून राह्यली अन् तुम्ही सावली काऊन धरून बसले? उचला ना!"

त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच आवाज काढला होता. ते वळले, तिला उचलून बंडीत ठेवलं. ती उजव्या हातानं तोंडावर पदर ओढू पाहत होती. सडकेपर्यंत बैल पळवले, तिथून ट्रक मिळाला.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "केव्हा झालं?"

"सकाळी. वांगे तोडताना."

"मग इतका वेळ काय करत होते?"

बंडी मिळाली नाही, असं मी सांगणार होते. मामंजींनी बोलू दिलं नाही.

"पाठ करून उभा होतो, साहेब."

डॉक्टर सासूचा डावा हात उचलून पाहू लागला. लवकर आणली असती तर हात वाचला असता का, ते त्यालाही सांगता येईना.

सासू जगली. बोलणं हळूहळू परत आलं, डावा हात नाही. पारावर गावातल्या बंडूजीनं दात काढले, "काय रूपराव, भावजय उचलली म्हणे!"

"उशिरा उचलली," मामंजी म्हणाले, अन् उठून गेले. तेव्हापासून ते जेवायलाही घरी येईनात. भाकर वाडीत मागवत.

दिवाळीच्या तोंडावर सासू माझ्या खांद्याला धरून वाडीत गेली. पदर डोक्यावर, तोंड उघडं. सरळ त्यांच्यापुढे उभी राहिली.

"भाऊजी, मी लय जड होती काय?"

मामंजी हातातल्या खुरप्याकडे पाहत राहिले. "नाई वं बाई. उचलल्यावर समजलं."

"मंग घरी या जेवाले."

ते आले. तिनं उजव्या हातानं वाढलं. पण तिच्यासमोर त्यांची मान शेवटपर्यंत वर झाली नाही. ती मान रीतीमुळे खाली नव्हती, हे तिलाही कळत होतं. ती आणखी एक भाकर वाढायची.